बारा फुटांच्या वरचं पाणी

मी करंजी नाल्यावरचा गेजचा खांब बोलतोय. पूर्वी बारा फूट उंच होतो, आज साडेआठ उरलोय. माझ्या अंगावर फूट आणि फुटाचे दहा-दहा भाग आखलेले होते. नाल्याचं पाणी कुठवर चढलं ते दाखवायचं, एवढंच माझं काम. ते मी इमानानं केलं. तरी सरकारी कागदात माझ्या नावावर एक खोटं लिहून ठेवलंय, आणि ज्यांनी लिहिलं ते सुखानं पेन्शनीकडे निघालेत. ते खोटं खोडायला कोणी येणार नाही, हे कळून चुकलंय. म्हणून मीच बोलतो.

मी साल नावाच्या झाडाच्या लाकडाचा. राजहऱ्याच्या बाजूच्या जंगलातून ट्रकवर पडून भिलाईला आलो तो सत्तावन्नचा एप्रिल होता. कारखान्याच्या चिमण्या तेव्हा फक्त नकाशात होत्या. जमिनीवर होती ती लाल धूळ, उकरलेले खड्डे आणि मुलखामुलखातून आलेली माणसं. करंजी नाल्यावरून खाणीकडचा रस्ता न्यायचा होता. नाल्यावर मोरी, म्हणजे पाण्याला खालून वाट देणारा ठेंगणा पूल, बांधायची, तर पुरात पाणी किती येतं हे आधी कळायला हवं. त्यासाठी मी.

भय्याजी सुतारानं मला रंधून पांढरा रंग दिला, काळे आकडे काढले. सात काढताना त्याला शिंक आली, त्यामुळे माझ्या साताला शेवटपर्यंत एक शेपूट राहिलं. त्यानं ओव्हरसियर ओमप्रकाशला विचारलं होतं, "साहेब, उंची किती ठेवू जी?"

"लकड़ी कितनी है?"

"बारा फूट."

"तो बारह रख. इस नाले में क्या समंदर आएगा?"

अशी माझी उंची ठरली. पाणी बघून नाही, लाकूड बघून. ही गोष्ट ध्यानात ठेवा.

माझी वाचणी करायला नेमला कवडू खोब्रागडे. गोंदियाकडचा, सातवी पास. छप्पनच्या दसऱ्याला तो नागपूरला जाऊन आला होता आणि घरातले सगळे देव वैनगंगेत सोडून मोकळा झाला होता. ज्या शाळेत त्याला दाराबाहेर बसवलं, तिथूनच तो अक्षर घेऊन निघाला होता. त्यामुळे रजिस्टरात आकडा लिहिताना त्याची मान अशी ताठ व्हायची की मला माझ्या उंचीची लाज वाटावी. सकाळी आठ, दुपारी बारा, संध्याकाळी सहा. दिवसातून तीनदा यायचा, गुडघ्यावर बसून माझ्यावरची पाण्याची रेघ बघायचा आणि लिहायचा. डोळ्यांनी पाहिल्याशिवाय एक टिंबही नाही.

पहिल्या पावसाळ्यानंतर माझ्या पायथ्याशी एक म्हातारा बसायला लागला, धोंडबा. ठेकेदाराच्या घमेल्या-फावड्यांची राखण करायचा आणि विडीची राख माझ्या शून्यावर झटकायचा. नाल्याच्या वळणात, सखल जागी, तेव्हाच मजुरांच्या एकशेचाळीस झोपड्या उभ्या राहिल्या. शेवटची धोंडबाची. चौथ्या ओळीत कवडू आणि त्याची बायको कमला.

आणि पलीकडच्या काठावर, जरा उंचावर, गिरजाबाईचा दगड.

गिरजाबाई तीस वर्षांपूर्वी भंडाऱ्याकडून इथे नांदायला आलेली. तिच्या सासरचं गाव कारखान्यात गेलं. ती मात्र गेली नाही. नाल्याकाठी चहा-भज्याचं खोपट घालून बसली. तिच्या सासूची एक रीत होती. पूर आला की ओसरल्याबरोबर जायचं आणि पाणी जिथवर लागलं तिथे त्या मोठ्या दगडावर शेंदराची रेघ ओढायची, नाल्याची ओटी भरायची. दरसाल नाही, मोठा पूर आला तरच. पाऊस थांबला की जुन्या रेघांवर नवा शेंदूर. दगडावर दोन रेघा होत्या. खालची तिच्या लग्नाच्या सालची, वरची तिची पोरगी जन्मली त्या सालची.

पण त्याआधी तो पहिला पावसाळा आला. सत्तावन्नच्या ऑगस्टमधली ती दुपार मला विसरता येत नाही. बारा वाजता कवडूनं वाचलं, ३.१. मग रोजच्या हुकमाप्रमाणे रजिस्टर सहीसाठी तीन मैलांवरच्या ऑफिसात घेऊन गेला. तो पाठमोरा झाला आणि अर्ध्या तासात वरच्या अंगाला ढग फुटला. पाणी माझ्या पाचावर, साताच्या शेपटावर, नवावर आलं. अडीचला ते माझ्या ११.४ वर होतं. मी ओरडत होतो, पण खांबाचं ओरडणं कोण ऐकतं? चारपर्यंत ते उतरलं. वरून मुसळधार पाऊस, त्यात माझ्या अंगावरचा गाळ धुऊन गेला. सहाला कवडू धावत आला तेव्हा पाणी होतं ५.८.

काठावरच्या बाभळीत कचरा अडकलेला होता. त्याला दिसत होतं. गिरजाबाई पलीकडून ओरडली, "अवं रजिस्टरवाले! नदरेनं पाहा नं! लग्नाच्या सालच्या रेघेले लागलं होतं पानी! मी आत्ताच शेंदूर लावून आली."

कवडू म्हणाला, "मावशी, मी पाहिलं नाही ते मी लिहीत नाही. अन् शेंदराचा आकडा तर मुळीच लिहीत नाही."

"मंग देवानं डोये कायले देले?"

"देवानं नाही देले," कवडू म्हणाला आणि लिहिलं, ५.८.

त्याची चूक होती का? मी इतकी वर्षं विचार करतोय. ज्या माणसानं जन्मभर शेंदराच्या दगडांनी आपल्या लोकांना उंबऱ्याबाहेर ठेवलेलं पाहिलं, त्यानं शेंदरावर विश्वास का ठेवावा? आणि हुकूम होता तीन वेळांचा. चौथ्या वेळेला रजिस्टरात रकानाच नव्हता. पाणी मात्र रकाने बघून येत नाही.

दुसऱ्या वर्षीच्या मार्चमध्ये सहायक इंजिनीअर साहेब माझ्याजवळ खुर्ची टाकून बसले. वाईट माणूस नव्हता. त्यांच्यापाशी एका जुन्या गोऱ्या इंजिनीअरचं सूत्र होतं. नाल्याला पाणी पुरवणारा मुलूख सोळा चौरस मैल. सोळाची काही आकडेमोड करून आठ यायचे. त्या आठाला एका गुणकानं गुणायचं, की पुराचं जास्तीत जास्त पाणी निघालं. दर सेकंदाला इतके घनफूट. सगळा खेळ त्या गुणकाचा. तो आठशे धरा, चौदाशे धरा, पुस्तक दोन्हीला हो म्हणतं. आठशे धरला तर सहा हजार चारशे घनफूट, मोरीला आठ गाळे, म्हणजे पाणी जायच्या आठ कमानी, पुरतात. चौदाशे धरला तर अकरा हजार दोनशे, चौदा गाळे लागतात.

"रजिस्टरात सगळ्यात वरची पातळी काय?" साहेबांनी विचारलं.

"पाँच पॉइंट आठ," ओमप्रकाश म्हणाला.

"मग आठशे धरा. पावसाच्या आत रस्ता सुरू व्हायचाय."

एक माणूस खुर्चीत बसून एक आकडा निवडतो आणि एकशेचाळीस झोपड्यांचं भवितव्य ठरतं. मोरी अरुंद झाली की पाणी मागे तुंबणार, आणि मागे काय होतं? वळणातली ती सखल जागा. माझ्या मापानं अकरा फुटांवर.

मेपर्यंत आठ गाळे उभे राहिले, दोन्ही बाजूंना मातीचा भराव पडला. एक दिवस कमला धुणं धुवायला गिरजाबाईच्या काठी गेली आणि परत आली ती नवऱ्यावर तडकली. कडेवर सात महिन्यांची पोर होती.

"तुमी त्या बाईचा दगड पाहिला काय?"

"शेंदराचे दगड पाहाले मी इथं नाही आलो, कमला."

"मी पाया पडाले नाही सांगून राहिली. मोजाले सांगून राहिली. वरची रेघ आपल्या झोपडीत माह्या कमरेले लागते. मी इकडून नदर लावून पाहिली."

संध्याकाळी कवडू नाला ओलांडून गेला. गिरजाबाई भजी तळत होती.

"आलास? दगड विटाळन तं नाही नं तुले?"

"मावशी, टोमणे मंग मारा. ही वरची रेघ कोन्या सालची?"

"माही सत्यभामा झाली ते साल. बावीस वर्सं होऊन राहिली. बाज माळ्यावर चढवली होती अन् माळ्यावर बाळंत झाली मी. शेंदूर माह्या सासूनं लावला." ती झारा तसाच धरून म्हणाली, "तू देव मान नाही तं नको मानू. पानी तं तिथवर आलं होतं नं?"

दुसऱ्या दिवशी कवडूनं भय्याजीची पाण्याची नळी मागून आणली. लांब रबरी नळी, दोन्ही टोकांना काचा. नळीत पाणी भरलं की दोन्ही टोकांचं पाणी एका पातळीत राहतं, मध्ये नाला असो की दरी. एक टोक गिरजाबाईनं खालच्या रेघेला लावलं, दुसरं कवडूनं माझ्या अंगाला. ११.४. बरोब्बर! गेल्या ऑगस्टपासून गिळून बसलेला आकडा अखेर कोणीतरी माझ्या अंगावर वाचला. कवडूनं काच पुसून तो पुन्हा एकदा वाचला.

मग वरची रेघ. तिच्यासाठी मी पुरलोच नाही. कवडूनं माझ्या डोक्यावर बांबू बांधला, भय्याजीच्या खांद्यावर चढला आणि खूण केली. १४.२.

धोंडबा खालून विडी ओढत बघत होता. "काय मोजून राहिला बे?"

"बाबा, पावसाच्या आधी झोपडी हलवा. पानी चवदा फूट येते."

"तूच तं मले सांगतलं होतं, रजिस्टरात पाच-आठ हाय म्हनून."

"ते चुकलं होतं, बाबा."

"सरकारी रजिस्टर चुकते अन् बाईचा शेंदूर खरा?" म्हातारा पोट धरून हसला. "तूच असा बोलतं? तूच?"

कवडूनं नळी गुंडाळून खांद्यावर टाकली.

तो ऑफिसात गेला. काय झालं ते त्यानं परत येऊन माझ्याच आडोशाला कमलाला सांगितलं. ओमप्रकाश हसला होता, "अब सिंदूर से गेज पढ़ेगा?" साहेब हसले नव्हते. कागद ओढून त्यांनी नाल्याची रुंदी, उतार, ती चौदा फुटांची रेघ मांडली. आकडेमोड संपल्यावर पेन खाली ठेवलं. अकरा हजारांच्या वर.

"तुझा आकडा खरा वाटतो, खोब्रागडे," साहेब म्हणाले होते. "पण पुरावा कुठाय? एका अडाणी बाईची रेघ मी वर पाठवू? मोरी बांधून झालीय. उद्घाटनाची तारीख ठरलीय."

"झोपड्या तरी हलवा जी."

"ते ठेकेदाराचं काम."

ठेकेदार म्हणाला, साहेबांचं काम. कवडूनं मग एकच केलं. रजिस्टरात शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं: 'गिरजाबाईचे दगडावरून, जुना पूर १४.२, गतसाली ११.४, नळीने मोजले.' तीन दिवसांनी रजिस्टर सही होऊन परत आलं तेव्हा ते पान नव्हतं.

अठ्ठावन्नच्या जुलैतला तो रविवार. सकाळपासून वरच्या अंगाला काळं झालं होतं. बाराला ३.२. रजिस्टर घेऊन ऑफिसात निघायची वेळ. कवडू चार पावलं गेला, थांबला, परत आला आणि माझ्यासमोर फतकल मारून बसला. छत्री रजिस्टरावर धरली, स्वतः भिजत.

सव्वाबारा: ३.९. साडेबारा: ४.८. पावणेएक: ६.१. एक: ८.०.

पाणी पहिल्या पावतासात सात दशांश चढलं होतं, शेवटच्या पावतासात जवळजवळ दोन फूट. गिरजाबाई तेव्हा परात-झारा घेऊन भजी विकायला अलीकडच्या काठावर, कमलापाशी आली होती. कवडू ओरडला, "मावशी, वाळका भोपळा हाय काय?" नाला ओलांडताना तरंगायला म्हणून पाठीला बांधलेला भोपळाच तिनं सोडून दिला. कवडूनं शंभर फूट पावलांनी मोजले, भोपळा धारेत सोडला, ऑफिसचं घड्याळ कमलाच्या हातात दिलं. भोपळा नाचत गेला.

"किती?"

"अकरा सेकंद!"

कवडूनं रजिस्टराच्या पुठ्ठ्यावर गुणाकार मांडला. सेकंदाला नऊ फूट. पाणी वरती पळतं तेवढं खाली पळत नाही, म्हणून थोडं कमी, पावणेआठ. पात्र नव्वद फूट रुंद, खोली आठ. साडेपाच हजार घनफूट. मोरीत मावणार सहा हजार चारशे. मोरी भरायला अजून फूटभरही नको होतं आणि पाऊस तर आत्ता कुठे लागला होता.

त्यानं वर पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर मी त्या दिवशी जे पाहिलं ते त्याआधी कुठल्याच माणसाच्या चेहऱ्यावर पाहिलं नव्हतं. आकडा खरा ठरल्याची भीती.

"कमला, पोरीले घे अन् मागच्या रेलच्या भरावावर जा! मावशी, परात वाजवा!"

गिरजाबाईनं भज्यांची परात उचलली आणि झाऱ्यानं बडवत ओळीओळीनं निघाली. "निंगा वो बाया, निंगा! पोरायले घ्या! भांडेगिंडे राहू द्या!" कमला पोर काखेत मारून दुसऱ्या ओळीनं. अर्धे पुरुष पाळीवर, अर्धे रात्रपाळी करून झोपलेले. कोणी शिव्या देत बाहेर आलं, कोणी गाठोडं बांधत बसलं.

तेवढ्यात ओमप्रकाश छत्री घेऊन पोचला. "किसके हुकुम से कैंप खाली करवा रहा है? और रजिस्टर ऑफिस क्यों नहीं आया?"

कवडूनं रजिस्टर त्याच्या नाकासमोर धरलं. "वाचून घ्या जी. पावनेएकले सहा, एकले आठ. आता सव्वाले साडेनऊ होऊन राहिले. दीडले किती, ते तुमीच सांगा."

ओमप्रकाशनं आकडे वाचले. मग माझ्याकडे पाहिलं, मग मोरीकडे. आठही गाळ्यांच्या कमानी बुडाल्या होत्या आणि पाणी मागे फिरत होतं. त्यानं छत्री फेकली, समोरची दोन पोरं काखेत घेतली आणि रेलच्या भरावाकडे धावला. हे मी मुद्दाम सांगतो. तोही माणूस होता. पुढे त्यानं काय केलं तेही सांगणार आहे.

शेवटच्या ओळीत कवडू स्वतः गेला. धोंडबाला दोन दिवसांपासून ताप. आतून आवाज आला, "किती झालं?"

"दहाच्या वर, बाबा! उठा!"

"खोटं नको बोलू. ते पाच-आठच्या वर जात नाही."

कवडूनं दार ढकललं. आतून दोरीनं बांधलेलं. तो खांदा मारत होता तेवढ्यात मोरीमागे तुंबून फुगलेलं पाणी वळणात शिरलं आणि पायाखालची जमीनच गेली. त्याला कोणीतरी दोर टाकून ओढला. धोंडबाचं दार उघडलं नाही.

बारा फुटांवर पाणी माझ्या डोक्यावरून गेलं. तरी मी उभा होतो. बुडालेला, पण उभा. हे लक्षात घ्या. पावणेदोनला मोरीलगतचा रस्त्याचा भराव फुटला, तुंबलेलं सगळं पाणी एका लोंढ्यानं निघालं आणि तेव्हा मी साडेआठ फुटांवर मोडलो. पाणी आधी चढून गेलं होतं. मी मोडलो ते ते उतरताना.

संध्याकाळी गिरजाबाईनं दगडावर रेघ ओढली. यावेळी तिच्याजवळ कवडू उभा होता. नळीचं एक टोक त्याच्या हातात, दुसरं भय्याजीकडे, माझ्या मोडक्या बुंध्याला बांधलेल्या बांबूपाशी. १३.६. सत्यभामेच्या सालापेक्षा सहा दशांश खाली. त्यानं ते रजिस्टरात लिहिलं आणि खाली सही केली.

आता चौकशीचा अहवाल ऐका. मी तो शब्दन् शब्द ऐकलाय, कारण ओमप्रकाशनं तो माझ्या बुंध्यावर टेकून साहेबांना वाचून दाखवला. 'अभूतपूर्व पाऊस. असा पूर पूर्वी कधी आल्याची नोंद नाही. गेज वाहून गेल्यामुळे कमाल पातळी समजू शकली नाही. जीवितहानी नाही.' चार वाक्यं, चारही खोटी. जीवितहानी नाही, कारण धोंडबाचं नाव ठेकेदाराच्या हजेरीपटावर नव्हतं. कमाल पातळी समजली नाही, कारण समजून घ्यायची नव्हती. पातळी मी दाखवली होती, कवडूनं लिहिली होती, आणि माझ्यावरच्या पाण्याचा जबाब दगडानं दिला होता. गेज वाहून गेल्यामुळे म्हणे! ओमप्रकाशनं ज्या हातांनी दोन पोरं उचलली, त्याच हातांनी खाली सही केली. आणि कवडूला मिळालं एक पत्र: 'रविवारी दुपारी रजिस्टर कार्यालयात का आणले नाही, याचा खुलासा करावा.' खुलासा पसंत पडला नाही. त्याचं गेजचं काम गेलं.

पुढच्या साली मोरीच्या जागी पूल झाला. किती गाळ्यांचा? चौदा. का चौदा, हे कोणी विचारलं नाही, कोणी सांगितलंही नाही. चौदाशेचा गुणक त्यांना कोणत्या दगडातून सापडला ते मला ठाऊक आहे. तो दगड मात्र पुलाच्या उतारावर दगडी फरस बसवताना सुरुंग लावून फोडला. तिन्ही रेघांचे तुकडे कुठेतरी त्या फरसात उलटे बसलेत. गिरजाबाई दिवसभर कमरेवर हात ठेवून बघत होती. संध्याकाळी एवढंच म्हणाली, "लिवलेलं फाडते, रेघलेलं फोडते. आता सांगावं कोनाले?"

त्यावर कवडूनं जे केलं ते शेवटचं सांगतो. तो तोवर कारखान्यात खलाशी, म्हणजे अवजड सामान हलवणारा मजूर, म्हणून लागला होता. एका रविवारी तो लाल ऑक्साइडचा डबा, ब्रश आणि माझं मोडकं साडेआठ फुटी धूड खांद्यावर घेऊन पुलाखाली गेला. मला पायावर उभं केलं, माझ्या डोक्यापासून वर पाच फूट सात दशांश मोजले आणि पुलाच्या खांबावर जाड लाल रेघ ओढली. १४.२. खाली दुसरी, १३.६, आणि तिच्याशेजारी एक शब्द: धोंडबा. गिरजाबाई वरून बघत होती.

"शेंदूर लावून राहिला काय रे?"

"हो मावशी," कवडू म्हणाला. "तुमचा संपला म्हणून माहा."

दर पावसाळ्याआधी तो येतो आणि रेघा पुन्हा रंगवतो. मी आता सेक्टर सहामधल्या त्याच्या क्वार्टरमागे कपड्यांच्या दोरीचा खांब आहे. माझ्या साताला शेपूट अजून आहे. कमला त्याच्यावर चिमटे लावते.

माझं एवढंच मागणं. तुमच्या गावाच्या नाल्यावर माझ्यासारखा कोणी उभा असेल, तर त्याच्यावर भरवसा ठेवा, पण सगळा ठेवू नका. आम्ही लाकडाच्या लांबीएवढे असतो. 'अभूतपूर्व' हा शब्द कागदावर लिहायच्या आधी काठावरच्या म्हाताऱ्या बाईला जाऊन विचारा, पाणी कुठवर आलं होतं. आणि ती हात वर करून दाखवेल, तेव्हा हसू नका. नळी आणा.